उणे दोन मीटरवरचं गाव

नोकरीच्या पहिल्या दिवशी चाचांनी मला नाव विचारलं नाही. चहाचा कागदी कप हातात धरून ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुझं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे?"

मी म्हटलं, "मी करामाची. दुबईतलं करामा."

"करामा गाव नाय, पत्ता आहे. गाव कुठलं?"

मी जन्मापासून दुबईत. गाव म्हणजे बाबांचं, साताऱ्याजवळचं. दर दोन वर्षांनी सुट्टीत आम्ही तिथे जायचो आणि तिसऱ्या दिवशी माझं पोट बिघडायचं. त्याची उंची मला कुठून माहीत असणार? फोनवर शोधून सांगितलं, "सातशे मीटरच्या आसपास."

रिपोर्ट वाचल्यावर डॉक्टर हलवतात तशी चाचांनी मान हलवली. "सातशे. म्हणजे तुला काय कळणार नाय. पण तुझी काय चूक नाय त्यात." मग खिशातून एक छोटी वही काढून माझ्या नावापुढे त्यांनी सातशे असा आकडा टाकला. नाव त्यांना आधीच माहीत होतं. त्यांच्या लेखी ते महत्त्वाचं नव्हतं, एवढंच.

हे ऑफिस अमिरातींच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैरामधलं. समोर समुद्रात जहाजं रांगेने नांगर टाकून तेलाची वाट बघत असायची, आणि आमची छोटीशी कंपनी त्यांना लाँचने भाजीपाला, पिण्याचं पाणी, सुटे भाग आणि बदलीचे खलाशी पोचवायची. मी ऑपरेशन्स डेस्कवर होते. चाचा जेटी कोऑर्डिनेटर. म्हणजे कुठली लाँच केव्हा सुटणार आणि तिच्यात काय भरणार, हे ते ठरवायचे. ऑफिसातल्या सगळ्यांची नावं त्या वहीत उंचीप्रमाणे लावलेली होती. सर्वांत वर नेपाळचा ड्रायव्हर. त्याच्याशी चाचा फार कमी बोलायचे. "तो ढगातला माणूस आहे," म्हणायचे. सर्वांत खाली आमचे मॅनेजर. ते केरळातल्या कुट्टनाडचे, आणि तिथली भातशेती समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. हे कळलं त्या दिवसापासून चाचांनी मॅनेजरना एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. मॅनेजरना मात्र या आदराचं कारण दोन वर्षं कळलं नाही. त्यांना वाटायचं, आपल्या शिस्तीचा परिणाम आहे.

चाचा स्वतः राजापूरच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. साठीच्या जवळ आलेले, काटकुळे, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात दोन पेनांच्या शेजारी गवंड्यांकडे असते तशी बोटभर लांब लेव्हल. हॉटेलात बिर्याणी मागवण्याआधी ती टेबलावर ठेवायचे. बुडबुडा मधोमध आला नाही तर टेबल बदलायचे. आम्ही एकदा तीन टेबलं बदलून शेवटी पार्सल घेतलं.

स्वतःच्या गावाबद्दल ते एक अक्षर बोलत नसत. ज्या गावाबद्दल बोलायचे ते हॉलंडमधलं होतं. लहानसं, कालव्याकाठचं, समुद्रसपाटीच्या दोन मीटर खाली. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण देवनागरीत लिहिलं की ते चुकतं, असं चाचांचं म्हणणं होतं. त्या नावात दोनदा घशातून खरवडून काढायचा एक आवाज आहे. मी प्रयत्न केला की चाचा म्हणायचे, "कुराण वाचायला बसवली असती तर पयल्या दिवशी आला असता." त्यांना तो झकास यायचा.

या गावात ते कधीही गेले नव्हते.

झालं असं होतं, की फुजैराला येण्याआधी वीस वर्षं ते एका गाळ उपसणाऱ्या डच जहाजावर होते. समुद्राच्या तळाची वाळू ओढून किनाऱ्यावर नवी जमीन करायची, असं ते काम. त्या जहाजाचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, त्या गावचा. निवृत्त होताना त्याने चाचांना आपल्या गावाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक भेट दिलं. डच भाषेतलं. चाचांना डच येत नव्हतं, पण भेट दिलेलं पुस्तक न वाचता ठेवणं त्यांना अपमानाचं वाटलं. त्यांनी एक डिक्शनरी मिळवली. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं की एक पान. पुस्तक संपायला अकरा वर्षं लागली. मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

त्यामुळे जगात त्यांना एकच गाव नीट माहीत होतं, आणि ते मात्र असं माहीत होतं की तिथल्या नगरसेवकालाही नसेल. लोकांनी जळणासाठी दलदलीतली माती कशी कापून काढली, माती गेल्यावर जमीन कशी खचली, खचलेल्या जमिनीत पाणी कसं शिरलं, ते पाणी बाहेर फेकायला पवनचक्क्या कशा आल्या. दोन मोठ्या शहरांना जोडणारा कालवा गावाच्या मधून खणला, त्यातून घोड्याने ओढलेली प्रवासी होडी कशी घंटा वाजवून वेळेवर सुटायची. पुलावरचा माणूस गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून तो होडीवर सोडायचा, आणि नावाड्याने त्यात पुलाचा टोल टाकायचा. हे सगळं ते काल बघून आल्यासारखं सांगायचे.

सगळ्यांत जीव तोडून सांगायचे ते दोन बेकरीवाल्यांचं भांडण. एक बेकरी पुलाजवळच्या रस्त्याच्या पूर्वेला, एक पश्चिमेला. पूर्वेचा पाव वजनात कमी भरायचा, असा पश्चिमेच्या बेकरीवाल्याचा आरोप. पंचायतीने दोघांना बोलावून काय केलं, मग पूल सांभाळणाऱ्या पूर्वेच्या मेहुण्याने तो अर्धा वर उचलून पश्चिमेची गिऱ्हाइकं कशी अडवली, वगैरे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हे भांडण दुबईच्या मीना बाजारात कुठेतरी चालू आहे. मी विचारलं, "मग पोलीस कम्प्लेंट केली का?"

"पोलीस कुठून आणणार?" चाचा म्हणाले. "तीनशे वर्षं झाली."

पण त्यांचा पक्ष ठरलेला होता. पश्चिमेचा. पूर्वेच्या बेकरीवाल्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा.

या गावाचे कायदे ते अधूनमधून ऑफिसला लावायचे. कूलरवर पाच गॅलनची पाण्याची बाटली चढवायची पाळी प्रत्येकावर यायची आणि प्रत्येकाची कंबर नेमकी त्याच दिवशी धरायची. एका सकाळी चाचांनी समुद्रावर मुलं खेळतात तसलं पिवळं प्लास्टिकचं फावडं आणून मनी प्लांटच्या कुंडीशेजारी ठेवलं आणि कायदा वाचून दाखवला. हॉलंडमध्ये बांधाचा आपापला तुकडा ज्याने त्याने सांभाळायचा. ज्याला झेपणार नाही त्याने बांधात फावडं रोवून निघून जायचं. जमीन गेली, घर गेलं. जो ते फावडं उपटेल त्याची जमीन, आणि बांधाचं कामही त्याचं.

मॅनेजरना हे फार आवडलं. पुढच्या सोमवारी त्यांची पाळी होती. त्यांनी हसत हसत कुंडीत फावडं खोचलं आणि मीटिंगला दुबईला गेले. चाचांनी ते उपटलं, बाटली चढवली, आणि मॅनेजरच्या केबिनमधली मोठी फिरती खुर्ची ओढत आपल्या टेबलाशी आणली. मॅनेजर परत आले तेव्हा त्यांच्या टेबलामागे चाचांचं प्लास्टिकचं स्टूल होतं.

"चाचा, ये क्या है?"

"कायदा आहे साहेब. तुमच्याकडच्या लोकांना मी समजावून सांगायला पायजे का?"

कुट्टनाडचा मान राखायचा तर मॅनेजरना दुसरा इलाज नव्हता. तीन आठवडे ते स्टुलावर बसले. मग एका सोमवारी ते लवकर आले, फावडं पुन्हा कुंडीत रोवायला चाचांना गळ घातली, स्वतः उपटलं, स्वतः बाटली चढवली, खुर्ची परत नेली आणि पुढचे चार दिवस कमरेला पट्टा लावून तिच्यात बसले.

आम्ही हसायचो. पण हसणं थोडं आवरायला लागलं ते त्या पावसानंतर. फुजैराला पाऊस पडतो तो डोंगरात, आणि पाणी येतं वादीतून, म्हणजे एरवी कोरड्या ठणठणीत असलेल्या ओढ्यातून. चाचांनी आल्या आल्या मॅनेजरना विचारलेला पहिला प्रश्न म्हणे हा होता, की इथे पाणी आलं तर कुठून येईल आणि कुठे जाईल. कोणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी स्वतः दोन सुट्ट्या हिंडून शोधून काढलं आणि भिंतीवर गुडघ्याच्या वर पेन्सिलने एक रेघ मारली. त्या रेघेखाली एकही फाईल, एकही प्लग ठेवायचा नाही. खालची कपाटं रिकामी, प्रिंटर टेबलावर, आणि आम्ही तक्रार करत सारखे खुर्चीवर चढतोय. ते पाणी आलं तेव्हा शेजारच्या तिन्ही ऑफिसांचे कागद लगदा झाले. आमच्याकडे पाणी रेघेच्या चार बोटं खाली येऊन थांबलं. चाचा पँट दुमडून त्यात उभे होते. खूश नव्हते. "चार बोटांचा फरक पडला," म्हणाले. "कुठे चुकलो ते बघायला पायजे."

मग तो डच आला.

एका जहाजाच्या कंपनीचा सुपरिंटेंडंट होता, पन्नाशीचा, दारातून वाकून आत यावा इतका उंच. समुद्र खवळलेला होता, लाँच सुटत नव्हती, म्हणून तो ऑफिसात बसला होता. मॅनेजरनी सहज विचारलं, कुठला. त्याने चाचांच्या त्या गावाजवळच्या मोठ्या शहराचं नाव सांगितलं. मॅनेजर माझ्याकडे बघायला लागले, मी चाचांच्या टेबलाकडे. टेबल रिकामं होतं. चाचांनी नाव ऐकलं होतं आणि ते जिन्यावरून खाली गेले होते. अर्ध्या तासाने आले ते निळा कोट घालून. फुजैराच्या जूनमध्ये. हातात पुस्तक.

ते त्याच्यासमोर बसले आणि डचमध्ये बोलायला लागले. त्या माणसाची भुवई वर गेली, मग तो हसायला लागला, मग हसायचा थांबला. मला इंग्रजीत म्हणाला, "हे माझ्या पणजोबांच्या पणजोबांसारखं बोलतात."

"त्याला विचार," चाचा मला मराठीत म्हणाले, कारण त्याच्या आजच्या डचमधला त्यांना एक शब्द कळत नव्हता, "आमचं गाव माहीत आहे का."

माहीत होतं. वीस किलोमीटरवर होतं. "तिथे मोठं फर्निचरचं दुकान आहे," तो म्हणाला. "माझा सोफा तिथलाच."

चाचांनी हे सहन केलं. मग त्या माणसाने, चांगल्या मनाने, फोन काढला. नकाशात गावाचे रस्ते जसेच्या तसे दिसतात, चला, फिरवून आणतो, म्हणाला. चाचांनी तोवर हे कधी बघितलं नव्हतं. लाँचचं वेळापत्रकसुद्धा ते वहीत लिहायचे. त्यांनी चष्मा पुसला, कोटाचं बटण लावलं आणि आम्ही तिघं फोनवर वाकलो.

पहिली दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. चाचा रस्ता आधी सांगत होते आणि तो मागाहून पडद्यावर येत होता. "आता उजवीकडे चर्च. मनोरा थोडा वाकडा असेल, खालची माती मऊ आहे." मनोरा आला, वाकडाच होता. "आता वजनकाट्याचं घर, पायऱ्या सात." सुपरिंटेंडंटने बोटाने चित्र मोठं करून पायऱ्या मोजल्या. सात होत्या. मॅनेजर केबिनमधून बाहेर येऊन मागे उभे राहिले होते.

"पुढे चल. आता बेकरी. पश्चिमेची."

पश्चिमेची बेकरी आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान होती. समोर पूर्वेची होती. अजून बेकरीच होती, दारात लोकांची रांग. चाचांनी एवढंच म्हटलं, "वजन बघितलं का कोणी?"

"आता डावीकडे वळ. पूल येईल, आणि खाली कालवा."

चित्र डावीकडे वळलं. कालवा नव्हता. पूल नव्हता. लांबच लांब सरळ रस्ता आणि त्यावर दोन्ही बाजूंना तिरक्या लावलेल्या गाड्या. सुपरिंटेंडंटला वाटलं वळण चुकलं, तो मागे गेला, परत आला. तोच रस्ता. चाचांनी भिंतीवरच्या निळ्या पाटीवर बोट ठेवलं. ती त्यांना वाचता आली. रस्त्याचं नावच होतं 'बुजवलेला कालवा'.

पुस्तक छापलं तेव्हा त्या गावात मोजून अकरा मोटारी होत्या. पुढे वाढल्या असणार, आणि लावायला जागा हवी झाली असणार. सुपरिंटेंडंट बिचारा ओशाळून सांगत होता की अशी पुष्कळ गावांत झालेली गोष्ट आहे. मी ते मराठीत सांगायला लागले. चाचांनी हात वर केला. "खलास," म्हणाले, आणि पुस्तक काखेत मारून लाँच बघायला जेटीवर निघून गेले. कोट अंगातच होता.

नंतरचे तीन आठवडे ऑफिसात फार शांतता होती. नवीन अकाउंटंट आला, कोइमतूरचा. चाचांनी त्याला उंची विचारली नाही. मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "पानी की बोतल चुपचाप चढाता है. डॉक्टर को दिखायें क्या?"

चौथ्या आठवड्यात चाचा माझ्या टेबलाशी आले. हातात दोन पानं, मोत्यासारख्या अक्षरात. "ईमेल कर."

पत्र त्या गावच्या नगरपालिकेला होतं. डचमध्ये. पण चाचांना जे डच येत होतं ते पुस्तकातल्या जुन्या हुकूमनाम्यांवरून आलेलं, त्यामुळे मायना असा होता: 'थोर, कठोर आणि सुज्ञ अधिपतींच्या चरणी.' खाली तीन प्रश्न. कालवा कोणी बुजवला. कोणाच्या परवानगीने. आणि त्यातलं पाणी आता कुठे जातं.

"चाचा, इंग्लिशमध्ये लिहू या. सिंपल ठेवू."

"मी त्यांच्याकडे नोकरी मागतोय का?"

मी पाठवलं. खाली त्यांचं नाव, हुद्दा आणि फुजैराचा पोस्ट बॉक्स.

पाच आठवडे काही आलं नाही. मग एका बाईंचं उत्तर आलं, साध्या इंग्रजीत. त्या तिथल्या निवृत्त शिक्षिका, गावच्या इतिहास मंडळाच्या सचिव. नगरपालिकेतल्या क्लार्कला पत्र म्हणजे थट्टा वाटली होती, आणि ही थट्टा नक्की कुठल्या शतकातली आहे हे विचारायला त्याने ते त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी मात्र ते दोनदा वाचलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी दिली. परवानगी देणारे सगळे वारले होते. तिसऱ्याबद्दल लिहिलं होतं, की हा प्रश्न हल्ली सगळ्या गावाला पडलाय, कारण जोराचा पाऊस झाला की तो रस्ता तुंबतो आणि दुकानांत पाणी शिरतं. कालवा परत खणावा असा प्रस्ताव आलाय. त्यावर सुनावणी आहे, कोणीही तीन मिनिटं बोलू शकतं, व्हिडिओवरूनही. तुम्ही बोलाल का?

मी हे वाचून दाखवत असताना चाचांनी वही काढली आणि नव्या अकाउंटंटला हाक मारली. "कोइमतूर किती?"

भाषणाचा पहिला खर्डा चाळीस मिनिटांचा होता. दलदलीपासून सुरुवात. आम्ही आठवडाभर रोज दुपारी कापाकापी केली, मी फोनवर वेळ लावून.

"बेकरीवाले काढा, चाचा."

"अन्याय होईल."

"एक मिनिट दहा सेकंद जातात त्यात."

त्यांनी पेन हातात धरून बराच विचार केला आणि पश्चिमेच्या बेकरीवाल्यावर काट मारली. पूर्वेच्यावर आधीच मारलेली होती.

सुनावणी तिकडे दुपारी दोनला, म्हणजे आमच्याकडे चार वाजता. लाँचच्या गर्दीची वेळ. मॅनेजरनी आपली केबिन दिली, खुर्चीसकट. चाचांनी लॅपटॉपखाली लेव्हल ठेवून बघितली आणि एका कोपऱ्याखाली कागदाची घडी सारली. पडद्यावर एक मोठी लाकडी खोली, अर्धवर्तुळात बसलेली पंधरावीस माणसं, आणि कडेला त्या सचिव बाई, पांढरे केस, हात हलवत. चाचांच्या आधी एक चपलांचा दुकानदार बोलला. त्याला पार्किंग हवं होतं.

मग चाचा. 'थोर, कठोर आणि सुज्ञ' म्हटल्याबरोबर खोलीत हशा पिकला. हसणं वाईट नव्हतं, पण चाचा थांबले. मला वाटलं उठतात. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पुढे सुरू केलं. कालवा कुठून निघतो, कुठे मिळतो, कुठल्या झडपेने पातळी राखायची, रस्त्याखाली जुन्या दगडी भिंती कुठे असणार. पानांचे आकडे देत होते. नेमक्या त्या वेळी बाहेरचा वायरलेस ओरडला, "लाँच, लाँच, व्हेअर आर माय टोमॅटोज?" पडद्यावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. मॅनेजर धावत बाहेर गेले. "यल्ला हबीबी, टोमॅटो आ रहा है," एवढं हॉलंडपर्यंत गेलं.

तीन मिनिटं झाली. अध्यक्ष बाईंनी आभार मानले. तेवढ्यात तो चपलांचा दुकानदार इंग्रजीत म्हणाला, "एक विचारू? हे गृहस्थ इथे कधी आले आहेत का?"

मी मराठीत सांगितलं. चाचा म्हणाले, "नाय."

"मग आम्ही गाड्या कुठे लावायच्या हे त्यांनी का सांगावं? त्यांना स्वतःला पार्किंग लागत नाही?"

"लागते," चाचा म्हणाले. "आज सकाळी वीस मिनिटं शोधत होतो." मी हे इंग्रजीत सांगितल्यावर लोक पुन्हा हसले, दुकानदारसुद्धा.

मग चाचा मला म्हणाले, "आता मी मराठीत बोलतो. तू नीट सांग. जुन्या डचमध्ये मला हे येणार नाय."

ते बोलत गेले आणि मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले.

"माझ्या गावालापण बांध होता. बाहेर खाडीचं खारं पाणी, आत भात. बांधाला एक दार, आमच्यात उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडायचं, आतलं पाणी बाहेर सोडायचं. भरतीला बंद. एका वर्षी बांध फुटला. मी तेव्हा तुमच्या जहाजावर होतो, दुसऱ्याच देशाचा किनारा भरत होतो. घरी गेलो तर आमच्या शेतात माडाच्या उंचीची खारफुटी. मी विचारलं, कुठे फुटला, कसा फुटला. प्रत्येक घरात वेगळं सांगतात. कुठून कुठे बांध होता हेच आता कोणाला दाखवता येत नाय. मग तो बांधणार कसा? तुमच्याकडे सगळं लिहून ठेवलेलं आहे, एकशे बारा नंबरच्या पानावर. ज्याच्याकडे लिहिलेलं आहे त्याने बुजवून ठेवावं, हे मला बघवलं नाय. म्हणून पत्र लिहिलं. माफी असावी."

सहा वर्षांत त्यांच्या गावाबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं. शेवटचं वाक्य मी दोनदा सुरू केलं, आणि चाचा लगेच म्हणाले, "नीट सांग ना, बाय." खोलीत कोणी हसलं नाही. दुकानदाराने खाली बसून काहीतरी लिहून घेतलं. बहुतेक पानाचा नंबर.

अडीच महिन्यांनी निकाल आला. सगळा कालवा नाही, पण मधला तुकडा पुन्हा खणायचा ठरलं. कारणं दिली होती: पावसाचं पाणी, उन्हाळ्यातला उकाडा, पर्यटक. चाचांचं कारण त्यात नव्हतं. पण सचिव बाईंनी सुनावणीचं इतिवृत्त पाठवलं होतं, त्यात चाचांचं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं, पुढे फुजैरा, आणि कंसात 'टोमॅटोंमुळे व्यत्यय'. चाचांनी ते पान लॅमिनेट करून घेतलं. पाणी सोडायच्या दिवशी नक्की या, व्हिसाचं निमंत्रणपत्र पाठवते, असंही बाईंनी लिहिलं होतं.

पुढच्याच महिन्यात चाचांनी राजीनामा दिला. ते हॉलंडला निघाले असं समजून मॅनेजर इतके खूश झाले की त्यांनी थंडीचं जाकीट भेट आणलं. "हॉलंड में बहुत ठंड है, चाचा."

"हॉलंडला कोण जातंय?" चाचांनी जाकीट घालून बघितलं, खिसे तपासले. "मी गावाला चाललोय. तिथलं पाणी ते सोडतील. माझी काय गरज आहे?" जाकीट मात्र ठेवून घेतलं.

आता फुजैरात माझ्याकडे जेटीचंही काम आहे. दर शुक्रवारी दुपारी चाचांचा फोन येतो. ते गावात घरोघर हिंडतात, एकेका म्हाताऱ्या माणसाला गाठतात, बांध कुठून कुठे होता, कोणाचा तुकडा कोणता, उघाडीची किल्ली कोणाकडे असायची, ते विचारतात आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहितात. मला व्हॉइस मेसेज पाठवतात, मी टाईप करते. बांध कशाने फुटला असं विचारलं की सुरुवातीला लोक चहा देऊन काहीबाही सांगायचे. कोणी म्हणे वादळ, कोणी म्हणे खेकडे, कोणी म्हणे अल्लाची मर्जी.

गेल्या शुक्रवारी फोन आला तेव्हा आवाज एकदम तरतरीत होता.

"सापडलं," म्हणाले. "कोळंबी धरायला भरतीच्या वेळी उघाडी उघडी ठेवायचे, त्यानेच बांध पोखरला. दोन घरं होती. मी नावानिशी लिहिलंय."

"मग? ते काय म्हणाले?"

"एकाचा नातू घरी येऊन बोंबलून गेला. दुसऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, लग्नाचं आमंत्रण परत मागितलं. आमच्या घरातले म्हणतात, पान फाडून टाका."

"चाचा, मग फाडणार का?"

"वेडी आहेस काय?" ते म्हणाले. "कालपास्न अर्धं गाव बांधावर जाऊन भांडतंय, इथे होता का तिथे होता. काठ्या रोवून दाखवतायत. मी नुसता मागून टेप धरून फिरतोय."

मागून खरंच कोणीतरी मोठमोठ्याने कुठल्यातरी आजोबांचं नाव घेत होतं. चाचा म्हणाले, "ठेव आता, मोजायचंय," आणि त्यांनी फोन ठेवला.